युद्ध की झोंबी?
मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील श्रद्धेचा संघर्ष

ख्रिस्ती जीवन हे एक युद्ध आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दृढीकरण संस्काराची तयारी करताना जुन्या पिढीला 'आता तुम्ही ख्रिस्ताचे शिपाई होणार' असे शिकविले जाई. त्या विधीत बिशप उमेदवाराच्या गालावर हलकीशी चापट मारीत. श्रद्धेपायी पुढे सोसाव्या लागणाऱ्या अपमानाची ती खूण मानली जाई. १९७१ च्या सुधारित विधीतून ती चापट गेली, युद्धाची भाषा मात्र राहिली. आजही ती प्रवचनांत, प्रार्थनासभांत आणि भक्तिगीतांत कानी पडते. या भाषेतून आपल्या मनात धैर्याची नेमकी कोणती कल्पना रुजते, हे मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील दोन आत्मकथने समोर ठेवून तपासावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ अलंकारशास्त्राचा नाही. साताऱ्याहून कराडकडे जाताना कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावर उंब्रज लागते. या टापूत आणि पुढे सांगलीपर्यंत कॅथॉलिक कुटुंबे तुरळक आहेत. नोकरीच्या, बदलीच्या, शाळेच्या वा दवाखान्याच्या निमित्ताने आलेले एखादे घर. मिस्सासाठी गाठावे लागणारे दूरचे देऊळ. घरात जपमाळ चालू असताना दारावरून जाणारी गावची पालखी. शेजार प्रेमळ असतो, तरीही श्रद्धेच्या बाबतीत हे कुटुंब एकटे असते. अशा घरात आजार लांबला, धंदा बसला किंवा मुलीचे लग्न जमेना, की कोणीतरी हलक्या आवाजात 'कुणी काही केले तर नाही ना?' असे विचारते. शत्रू, हल्ला, बंधने या शब्दांवर पोसलेले मन त्या प्रश्नाला लगेच बळी पडते. मग सैतान शेजारणीच्या नजरेत दिसू लागतो, जावेने पाठविलेल्या लिंबात दिसू लागतो. ज्या भाषेने धैर्य द्यावे तीच भाषा भय देऊ लागते, आणि त्या भयावर उपाय सांगणारे लोक धर्माच्या नावानेही भेटतात.

डॉ. नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. हा कायदा आपल्या श्रद्धेच्या विरोधात आहे असे कोणा कॅथॉलिकाला वाटण्याचे कारण नाही. आपल्या धर्मसभेची शिस्त याबाबतीत कमी कडक नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ११७२ व्या कलमानुसार भूतबाधा-निरसनाचा विधी बिशपच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणाही धर्मगुरूला करता येत नाही, आणि ती परवानगीही धर्मनिष्ठ, ज्ञानी, विवेकी व शुद्ध आचरणाच्या धर्मगुरूलाच द्यावयाची असते. दुष्टाचे अस्तित्व धर्मसभा नाकारीत नाही. दुष्टाच्या भयाचा बाजार मात्र तिला मान्य नाही.

या युद्धभाषेचे मूळ आपण संत पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात शोधतो. सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, शांतीच्या सुवार्तेची पादत्राणे, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण आणि देवाचे वचन हीच तलवार, अशी शस्त्रसामग्री तेथे सांगितली आहे. हा उतारा आपण ऐकतो पुष्कळ, परंतु वाचतो थोडा. बारकाईने वाचल्यास तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, या सामग्रीत वार करण्याचे शस्त्र एकच आहे. बाकी सर्व अंग झाकण्यासाठी आणि पाय रोवण्यासाठी आहे. दुसरी, पौल पुन्हा पुन्हा उभे राहण्यास सांगतो. चाल करून जाण्याची आज्ञा तेथे नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपला सामना रक्तमांसाशी नाही असे पौल जेथे सांगतो, तेथे सामन्यासाठी मूळ ग्रीक भाषेत 'पाले' हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ कुस्ती. आमच्या प्रचलित मराठी भाषांतरात तेथे 'झगडणे' आहे. कुस्तीची माती त्यात थोडी झटकली गेली आहे. चिलखताच्या वर्णनाने दिपलेला वाचक तो शब्द ओलांडून थेट रणांगणावर जातो.

सातारा-सांगलीच्या माणसाला मात्र तो शब्द ओलांडून जाता येऊ नये. या भागात गावोगावी तालीम आहे. उंब्रज, मसूर, चाफळ येथे समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात मारुती स्थापिले आणि बलोपासनेला भक्तीची जोड दिली. त्याच समर्थांनी मनाला उद्देशून दोनशेहून अधिक श्लोक रचले. शरीराची मेहनत आणि मनाची मेहनत ही या मातीत वेगळी मानलेली नाही. तुकोबांचा मनाशी आणि जगाशी अहोरात्र चाललेल्या लढ्याचा अभंग तर वारकऱ्यांइतकाच आपल्यालाही ठाऊक आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेत ते दोन कुस्त्या हरले होते हे फार थोड्यांच्या स्मरणात असते. त्यांना परदेशी पाठविण्यासाठी लोकांनी वर्गणी जमविली होती, हेही विसरले जाते.

युद्ध आणि कुस्ती यांत फरक काय? युद्धात शत्रू दूर असतो आणि त्याचा नाश करावयाचा असतो. कुस्तीत प्रतिस्पर्धी अंगाला भिडलेला असतो; त्याचा श्वास आपल्या मानेवर असतो. युद्ध एकदा संपते. पैलवानाची मेहनत संपत नाही; आज आखाडा मारला तरी उद्या पहाटे जोर-बैठका आहेतच. आणि सर्व कुस्त्या निकाली होत नाहीत. काही बरोबरीत सुटतात. उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायात याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झोंबी घेतो. पहाटे तो आशीर्वाद घेऊन उठतो, पण लंगडत उठतो. जिंकला म्हणावे तर मांडीचा सांधा निखळलेला, हरला म्हणावे तर नवे नाव मिळालेले. ख्रिस्ती धैर्याचे याहून खरे चित्र आम्हांस पवित्र शास्त्रात अन्यत्र क्वचितच आढळते.

ही कसोटी हाती घेऊन आता दोन आत्मकथनांकडे वळू. दोन्ही प्रोटेस्टंट परंपरेतील आहेत; परंतु मराठी ख्रिस्ती मनाचा इतिहास लिहिताना ती आपलीही ठेव आहेत, असे आम्ही मानतो.

पहिले बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय'. 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीचे लेखक म्हणून पदमनजी मराठी वाचकांस परिचित आहेत. बेळगावच्या कासार कुटुंबात १८३१ साली त्यांचा जन्म झाला आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८० च्या दशकात, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे सामर्थ्य प्रांजळपणात आहे. लहानपणीची भाविकता, मिशनच्या शाळेतील वाचन, मनात शिरलेली शंका, आणि आईवडिलांना दुखविण्याची भीती यांचे वर्णन ते टाळीत नाहीत. मुंबईतील परमहंस मंडळीशी त्यांचा संबंध आला. जातिभेद मोडू इच्छिणारी ही मंडळी गुप्तपणे काम करीत होती. बंद दाराआड जातिबंधन मोडावयाचे आणि दाराबाहेर ते पाळावयाचे, या धैर्याच्या अपुरेपणाची जाणीव पदमनजींच्या पुढील वाटचालीत दिसते. उघडपणे बाप्तिस्मा घेणे हे त्या जाणिवेचे उत्तर होते, आणि त्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत मोठी होती. याबद्दल आमच्या मनात आदरच आहे.

परंतु संघर्षाची कथा म्हणून पाहता 'अरुणोदया'ची मर्यादा त्याच्या शीर्षकातच आहे. लेखक लिहावयास बसतो तेव्हा सूर्य उगवलेला असतो. मागची प्रत्येक शंका ही रात्रीची एक घटका ठरते, प्रत्येक भेट प्रकाशाकडे नेणारी ठरते. वाचकाला निकाल आधीच माहीत असतो. कुस्तीच्या भाषेत सांगावयाचे तर ही निकाली कुस्ती आहे आणि तिची हकीकत विजेत्याने सांगितलेली आहे. बाप्तिस्म्यानंतरचा ख्रिस्ती माणूस पुन्हा शंकेत पडतो का, प्रार्थनेत कोरडा होतो का, आपल्याच बांधवांवर चिडतो का, या प्रश्नांना या रचनेत फारशी जागा उरत नाही. पिढीजात ख्रिस्ती घरातील वाचकाची अडचण येथेच सुरू होते. त्याचा अरुणोदय बाप्तिस्म्याच्या कुंडाशी, त्याला कळण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. त्याचा झगडा दुपारच्या उन्हातला आहे.

त्या दुपारच्या उन्हाचे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिले. 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. लग्नानंतर पतीच्या सहवासात त्या लिहू-वाचू लागल्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचे घर एका दिवसात दुभंगले. पतीचा नवा धर्म त्यांना पटलेला नव्हता, आणि पतीशी असलेले नाते त्यांना मनातून तोडता येत नव्हते. दोन्हींकडून ओढ, आणि सुटकेची वाट कोठेच नाही. पुढे त्या टिळकांजवळ राहावयास आल्या तेव्हाही त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळे असे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षे हा या ग्रंथाचा गाभा आहे.

संत इग्नाशिअस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात, ज्याला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली, आत्म्याच्या उदासीन अवस्थेबद्दल काही नियम सांगितले आहेत. त्यांतील एकाचा आशय असा : अंधार दाटला असता पूर्वी स्वस्थ चित्ताने केलेला निश्चय बदलू नये, प्रार्थना आणि संयम यांना चिकटून राहावे. लक्ष्मीबाईंनी हे नियम वाचलेले नव्हते. पण त्या पाच वर्षांत त्यांनी घाईने काहीच केले नाही, हे त्यांचे मोठेपण आहे. पतीला परत मिळविण्यासाठी त्यांनी न पटलेला धर्म स्वीकारला नाही, आणि समाजाला खूश करण्यासाठी पतीला शापही दिला नाही. ज्या दिवशी त्यांच्या मनातून स्पृश्यास्पृश्यतेचा विचार गळून पडला तो दिवस साक्षात्काराचा नव्हता. जात देवाने केली की माणसाने, असा सरळ घरगुती विचार करीत त्या तेथवर पोहोचल्या, आणि पोहोचल्यावर मागे वळल्या नाहीत. सोवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेल्या बाईने कोणाच्याही हातचे पाणी पिणे ही गोष्ट आज आपल्याला किरकोळ वाटेल. तेव्हा तो आपल्याच रक्तात भिनलेल्या भयाशी घेतलेला पेच होता.

आणि बाप्तिस्म्यापाशी ग्रंथ थांबत नाही; त्याचा मोठा भाग त्यानंतरच सुरू होतो. टिळकांचा संतापी स्वभाव, घरात असलेले कोणालाही देऊन टाकण्याची सवय, आल्यागेल्याने भरलेले घर, रिकामा डबा. १९१७ साली टिळकांनी मिशनचे काम सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करावयास घेतला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी एकत्र यावे, असे ते स्वप्न होते. त्या निर्णयाची भव्यता टिळकांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. चूल चालविणाऱ्या बाईच्या बाजूने तो निर्णय कसा दिसला असेल, हे लक्ष्मीबाईंमुळे आपल्याला उमगते. संन्याशाचे धैर्य आणि संन्याशाच्या पत्नीचे धैर्य ही दोन वेगळी धैर्ये आहेत. पहिल्याला लोक नमस्कार करतात. दुसरे सकाळी उठून पाणी तापवते. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांच्या अपूर्ण राहिलेल्या 'ख्रिस्तायन' महाकाव्यात लक्ष्मीबाईंनी पुढे चौसष्ट अध्यायांची भर घातली. शाळा न पाहिलेल्या विधवेने पतीचे काव्य पुरे करावयास बसावे, याला आम्ही श्रद्धेचे धैर्य म्हणतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली पवित्रतेविषयी जे प्रबोधनपत्र लिहिले त्याच्या पाचव्या प्रकरणात आध्यात्मिक संघर्षाचा विचार आहे. सैतानाला केवळ कल्पना समजू नका, असे ते तेथे निक्षून सांगतात. पण त्याआधीच्या प्रकरणात त्यांनी आजच्या काळातील पवित्रतेच्या पाच खुणा दिल्या आहेत : चिकाटी व सौम्यता, आनंद व विनोदबुद्धी, निर्भय उत्साह, समुदायात राहणे आणि अखंड प्रार्थना. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. संघर्षाकडे येण्यापूर्वी त्यांनी हसण्याविषयी लिहिले आहे. 'स्मृतिचित्रे' या खुणांवर तपासून पाहावीत. चिकाटी पानोपानी आहे. निर्भयता आहे. समुदाय तर इतका आहे की लक्ष्मीबाईंना क्षणाची उसंत नाही. आणि विनोद? मराठी गद्यात इतक्या दुःखाची इतकी हसरी हकीकत दुसरी सापडणे कठीण. आपल्या फजितीवर हसणारा माणूस भयाच्या बाजारात गिऱ्हाईक म्हणून उभा राहत नाही. या विनोदाला समीक्षकांनी शैलीचा गुण म्हटले आहे. आम्ही त्याला श्रद्धेचे फळ म्हणू.

पाचव्या खुणेपाशी मात्र हा ग्रंथ कॅथॉलिक वाचकाला अपुरा वाटेल. लक्ष्मीबाई आपल्या प्रार्थनेविषयी फार कमी सांगतात. एकांतात, देवासमोर, त्या काय बोलल्या हे पडद्याआड राहते. संस्कारांचे बळ, संतांची सोबत, मरियामातेचा आधार, पापनिवेदनानंतरचे हलके मन, यांची अपेक्षा त्यांच्या परंपरेकडून करता येणार नाही. पण आपल्या परंपरेतही ते लिहिले गेलेले नाही, हे आपल्याला बोचले पाहिजे. याशिवाय आणखी एक आक्षेप घेता येतो. पतीच्या लहरीपणामुळे झालेला अन्याय त्यांच्या विनोदात कधी कधी विरघळून जातो, आणि सोसणे हेच धैर्य, असा चुकीचा बोध एखादी वाचक स्त्री घेऊ शकते. तसा बोध घेऊ नये. लक्ष्मीबाई भांडतात, जाब विचारतात, आणि शेवटी लेखणी हातात घेऊन सारे सांगतात. मुकाट्याने सोसणाऱ्या बाईला चार भाग लिहिता आले नसते.

येथे कोणी विचारील की आपल्या हुतात्म्यांचे काय? वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मरण आले. त्यापुढे घरगुती कटकटींचे धैर्य ते काय? आमचे उत्तर असे की, संतांचा शेवटचा दिवस आपण साजरा करतो आणि त्याआधीची वर्षे विसरतो. गोन्सालो यांना ज्या संघात जावयाचे होते तेथे प्रवेश मिळाला नाही. काही काळ त्यांनी व्यापार केला, आणि मग मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात सामान्य बंधू म्हणून ते दाखल झाले. नकार पचवून ख्रिस्ताजवळ राहण्याची ती वर्षे म्हणजे त्यांची तालीम होती. ती नसती तर नागासाकीच्या टेकडीवर उभे राहण्याचे बळ एका दिवसात कोठून आले असते?

पैलवान आखाड्यात एकटा उतरतो, पण त्याला उतरविणारे गाव मागे असते. आपल्या वाङ्मयातून ही बाजू पुढे यावयास हवी. २०२४ साली निवर्तलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या आत्मकथनाला 'नाही मी एकला' असे नाव दिले. वसईच्या हिरवाईसाठी झगडलेल्या धर्मगुरूने शेवटी सोबतीची आठवण ठेवावी, हे योग्यच झाले. बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाच्या छातीवर लावल्या जाणाऱ्या तेलाचा अर्थही असाच आहे. झगड्यासाठी बळ मिळावे म्हणून ते तेल लावतात, आणि ते लावताना आईबाप, धर्ममातापिता आणि धर्मग्राम भोवती उभा असतो. उंब्रजसारख्या गावी एकट्या पडलेल्या कुटुंबाला आपण काय देतो, याचा विचार धर्मग्रामांनी करावा. शत्रूची यादी दिल्याने त्या घराला धीर येणार नाही. महिन्यातून एकदा कोणी घरी येऊन जपमाळेला बसले, आजारपणात डबा पोहोचला, परीक्षेच्या दिवसांत मुलाला कोणी जवळ केले, तर करणीची शंका दाराशीच थांबेल.

येत्या प्रायश्चित्तकाळात घरोघरी 'स्मृतिचित्रे' मोठ्याने वाचावीत, अशी आमची सूचना आहे. रोज चार पाने पुरेत. आणि वाचून झाल्यावर घरातील आजीला विचारावे की तिच्या आयुष्यात ती केव्हा डगमगली, आणि कशाला धरून पुन्हा उभी राहिली. मराठी कॅथॉलिक स्त्रीचे असे आत्मकथन आपल्या शेल्फावर असावयास हवे होते. ते अद्याप आपल्या स्वयंपाकघरांत, न लिहिलेले, पडून आहे. ज्यांना लिहिता येते त्यांनी ते लिहून घ्यावे. भाषा साधी असली तरी चालेल, निकाल लागलेला नसला तरीही चालेल.